डिकीतला सबवूफर, दोन बॉक्स आणि घुमटाचा आवाज : मे ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

४ मे, रविवार

गाडी सेकंड हँड हॅचबॅक आहे, कंपनीचाच स्टिरिओ आणि पुढच्या दारांत दोन स्पीकर. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) गोव्यात माशेलला काकांकडे घुमट (एका तोंडाला कातडं लावलेलं मडक्याचं वाद्य) आरत्या मित्राच्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केल्या होत्या. घरी हेडफोनवर त्या सुरेख वाजतात, पण गाडीत लावल्या की नुसती कासाळं (मोठ्या झांजा) आणि शामेळाचा (काठ्यांनी वाजवायच्या ढोलाचा) टणटणाट ऐकू येतो, घुमट गायबच. म्हणून ठरवलं की यंदाच्या चवथीपर्यंत डिकीत सब (सबवूफर, खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) बसवायचा आणि त्याचा बॉक्स स्वतः करायचा. रोज काय केलं, काय चुकलं, किती पैसे गेले ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे हे काम करायला घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सब घ्यायला गेलो तर दुकानदाराने आधी १२ इंची पुढे केला, खोक्यावर मोठ्या अक्षरात १५०० वॅट. आत कागद बघितला तर आरएमएस (सतत पेलवणारे वॅट) २०० च, बाकीचे सगळे पीक वॅट, म्हणजे क्षणभराचे. खोक्यावरचा आकडा सोडून द्या, आरएमएस बघा, आणि थील-स्मॉल पॅरामीटरचा (सबच्या मोजलेल्या गुणांच्या आकड्यांचा) कागद नसेल तर तो सब घेऊच नका, कारण त्या आकड्यांशिवाय बॉक्स किती लिटरचा करायचा ते काढताच येत नाही. मी १० इंची घेतला, ४,५०० रुपये. कागदावरचे आकडे असे : एफएस (सबच्या पडद्याची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी) ३४ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५२ आणि क्यूईएस ०.५८ (पडदा किती चटकन थांबतो ते सांगणारे आकडे), व्हीएएस (पडद्याइतकीच लवचीक हवा) ३० लिटर, एक्समॅक्स (पडदा एका बाजूला किती हलू शकतो) १० मिलिमीटर, आरएमएस ३०० वॅट, कॉइल दोन, प्रत्येकी ४ ओहम. अँप (अँप्लिफायर) मित्राकडून जुना घेतला, दोन चॅनलचा, ब्रिज करून (दोन्ही चॅनल एकत्र जोडून) ४ ओहमला २५० वॅट देतो, ३,००० ला पडला.

११ मे, रविवार

पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवा आतबाहेर जायला पाइपचं तोंड (पोर्ट) असलेला, करायचं ठरवलं. कारण एवढंच की व्हिडिओत पोर्टेड बॉक्स जोरात वाजतात, दुसरं काही नाही. अंदाजे ४३ लिटर, ट्यूनिंग (बॉक्स आणि पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतात ती) ३५ हर्ट्झ. पोर्टला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यावा असं वाटत होतं, पण हिशोब केला तर तो ४० सेंटिमीटर लांब निघाला आणि बॉक्सची आतली खोली त्याच्या निम्मी. म्हणून ७५ मिमीचा घेतला, लांबी १८ सेंटिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातून १८ मिमीचा एमडीएफ अर्धा शीट आणला, १,१५० रुपये, कापून पण त्यांनीच दिला. बाहेरून माप ५४ बाय ३४ बाय २५.

१८ मे, रविवार

बॉक्स जोडला, फेविकॉल आणि दर १० सेंटिमीटरला एक स्क्रू. एमडीएफच्या कडेत आधी बारीक भोक न पाडता स्क्रू मारला की कड फुटते, माझ्या दोन कडा फुटल्या. मग भोकं पाडूनच मारले. सबचं भोक जिगसॉने कापलं, थोडं वेडंवाकडं झालं पण सबच्या रिमखाली झाकलं गेलं.

वायरिंग करण्यात संध्याकाळ गेली. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर, बॅटरीच्या जवळ, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज. हे चुकवू नका, वायर कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी पेटायला वेळ लागत नाही, आणि फ्यूज अँपजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए (अँपला सिग्नल द्यायची सॉकेट) नाहीत, म्हणून स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेणारा कन्व्हर्टर लावला, ६०० रुपये.

चालू केलं, दोन मिनिटं वाजलं आणि अँपचा लाल दिवा लागून बंद. परत चालू, परत बंद. रात्री ११ वाजेपर्यंत वायर हलवत बसलो. चूक साधी होती, दोन्ही ४ ओहमच्या कॉइल मी पॅरलल जोडल्या, म्हणजे २ ओहम झाले, आणि हा अँप ब्रिजमध्ये ४ च्या खाली चालत नाही. सिरीजमध्ये जोडल्या, ८ ओहम. पॉवर जवळपास निम्मी झाली पण अँप थंड राहतो. अँप हातात असेल तर दोन कॉइलचा सब घेताना आधी तो किती ओहमपर्यंत जातो ते बघा आणि मगच कॉइल किती ओहमची ते ठरवा. मी उलटं केलं.

२२ मे, गुरुवार

चार दिवस वाजवून बघितलं. जोर भरपूर आहे पण सगळं एकाच सुरात. कुठलंही गाणं लावा, तोच एक हुंकार, आणि आवाज वाढवला की पाइपमधून फस्स फस्स हवा येते. घुमट तर ओळखू पण येत नाही, एका थापेची शेपटी पुढच्या थापेत घुसते.

मग बॉक्स आडवा ठेवला, सब वर तोंड करून, मोबाइलमधून टोन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सलग आवाज) लावला आणि कोनवर (सबच्या हलणाऱ्या पडद्यावर) चार दाणे उकडे तांदूळ टाकले. पोर्टेड बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून असतो तिथे कोन सगळ्यात कमी हलतो, काम पोर्टमधली हवा करते. ३५ ला दाणे उड्या मारत होते. ३८ ला कमी, ४१ ला जवळजवळ गप्प, ४४ ला परत नाचायला लागले. म्हणजे माझा बॉक्स ३५ ला नव्हे, ४१ ला ट्यून झालाय.

का, ते शोधायला अर्धा तास लागला आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. लिटर काढताना मी बाहेरची मापं गुणली होती. ५४ गुणिले ३४ गुणिले २५ म्हणजे ४५.९ लिटर. आतून प्रत्येक माप दोन फळ्यांच्या जाडीने, म्हणजे ३.६ सेंटिमीटरने कमी, ५०.४ गुणिले ३०.४ गुणिले २१.४, म्हणजे फक्त ३२.८ लिटर. १३ लिटर फळीतच गेले. त्यातून सबचं मागचं लोहचुंबक दीड लिटर आणि पाइप पाऊण लिटर वजा केलं की साडेतीस उरतात. लहान बॉक्समध्ये तोच पाइप घातला तर ट्यूनिंग वर जाणारच. आणि त्यात ७५ मिमीचा पाइप १० इंचीला अरुंद, म्हणून ती फस्स फस्स.

अजून एक गोष्ट आज कळली जी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. एफएसला क्यूईएसने भागायचं. उत्तर ५० च्या खाली आलं तर सब बंद बॉक्ससाठी, १०० च्या पुढे गेलं तर पोर्टेडसाठी, असा ढोबळ ठोकताळा आहे. माझा ३४ भागिले ०.५८, म्हणजे ५९ च्या आतबाहेर. हा सब पहिल्यापासून बंद बॉक्सकडे झुकणारा होता.

२५ मे, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. बाहेर काम करता येत नव्हतं म्हणून गाडी घेऊन माशेलला काकांकडे गेलो, त्यांच्या पडवीत डिकी उघडून त्यांना ऐकवलं. काका गेली चाळीस वर्षं आरत्यांना घुमट वाजवतात. ऐकत ऐकत ते डिकीपाशी आले, वाकले आणि पोर्टच्या तोंडावर तळहात ठेवला. आवाज एकदम आवळला. हात काढला, परत हुंकार. परत ठेवला. मला म्हणाले, "अरे, हे तर घुमटच आहे. तोंड उघडं टाकलंस तर घुमत राहणार, कधी बंद करायचं ते हाताला कळलं पाहिजे."

मी घुमट लहानपणापासून बघतोय आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मडक्याच्या एका तोंडाला कातडं, दुसरं लहान तोंड उघडं, आणि वाजवणारा एका हाताने थाप मारतो तर दुसऱ्या हाताने ते तोंड झाकत उघडत खर्ज कमीजास्त करतो. कातडं म्हणजे कोन, मडकं म्हणजे बॉक्स, लहान तोंड म्हणजे पोर्ट. फरक इतकाच की माझ्या पोर्टवर कुणाचा हात नाही. काकांनी आपलं घुमट आणलं आणि दाखवलं पण. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, त्यावर कायद्याने बंदी आली, आता बकरीचं असतं, आणि काका म्हणतात आवाजात फरक पडतो पण हाताची सवय झाली की चालतं.

मग एक जुना टॉवेल घट्ट गुंडाळून पाइपमध्ये कोंबला आणि तासभर आरत्या लावल्या. पहिल्यांदा थापा मोजता आल्या.

घरी येऊन आकडेमोड केली. बंद बॉक्सचा क्यूटीसी (त्यात सब आवळून वाजेल की घुमत राहील ते सांगणारा आकडा) काढायचा म्हणजे व्हीएएसला बॉक्सच्या लिटरनी भागायचं, त्यात १ मिळवायचा, वर्गमूळ काढायचं आणि क्यूटीएसने गुणायचं. ३१ लिटरला ०.७३ आला. ०.७०७ ला सगळ्यात सपाट आवाज मिळतो, म्हणजे पोर्टेडसाठी चुकलेला माझा बॉक्स बंद म्हणून जवळपास बरोबर मापाचा निघाला. पाइप काढून भोकावर आतून एमडीएफचा तुकडा चिकटवला आणि सिलिकॉन लावलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, सब बसवू नका, त्याची वाफ आत कोंडून राहते आणि सबच्या गोंदाला आणि धातूला बरी नाही.

८ जून, रविवार

काल संध्याकाळी पणजीहून येताना भोमला पंक्चर. धो धो पाऊस, आणि बॉक्स मी डिकीच्या तळाला चार स्क्रूंनी पक्का केलेला, त्याच्या खाली स्टेपनी. स्क्रूड्रायव्हर घरी. एका दुचाकीवाल्याने थांबून आपला स्क्रूड्रायव्हर दिला म्हणून सुटलो, पाऊण तास भिजलो. बॉक्स सैल ठेवायचा नाही हे खरं, जोरात ब्रेक मारला तर १५-१६ किलोचं खोकं मागच्या सीटवर आदळेल. पण स्क्रू पण नकोत. २५० रुपयांचे दोन पट्टे आणले, बकलवाले, बॉडीच्या हुकांना बांधले. आता दोन मिनिटांत निघतो.

२२ जून, रविवार

बॉक्समधून शिट्टीसारखा आवाज येतोय. उदबत्ती पेटवून ३० हर्ट्झचा टोन लावला आणि धूर सांध्यांवरून फिरवला. खालच्या मागच्या कोपऱ्यात धूर थरथरायला लागला. अजून एक सोपी परीक्षा, कोन हळूच दाबून सोडायचा, बॉक्स हवाबंद असेल तर तो हळू परत येतो, माझा लगेच टपकन आला.

उलटा केला तर खालची फळी कोपऱ्यात फुगलेली, १८ ची २१ मिमी, आणि सांधा उघडलाय. डिकीच्या कार्पेटखाली पाणी होतं. टेललॅम्पचं गॅस्केट जुनं होऊन कडक झालंय, पावसात तिथून पाणी झिरपतं. गॅस्केट बदललं, पण एमडीएफ एकदा फुगला की परत बसत नाही. आणि सब चार वेळा काढून घालून स्क्रूंची भोकं पण भुगा होऊन गेली होती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडीत हवाच ओली असते, पाणी शिरलं नाही तरी उघड्या कडा दमट होतातच. गोव्यात बॉक्स करणार असाल तर एमडीएफ फक्त माप जमतंय का ते बघायला वापरा, किंवा मग आतून, बाहेरून, कडांना सगळीकडे सीलर मारा. मी काहीच मारलं नव्हतं, वर कार्पेट चिकटवलं आणि झालं असं समजलो. ५०० रुपयांचं कार्पेट पण गेलं.

६ जुलै, रविवार

बॉक्स नाही तोवर वायर बघितली. फ्यूज होल्डर गरम होत होता, प्लास्टिक मऊ पडलेलं. मीटर लावला, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि जोरात वाजताना अँपवर १२.९. किटमधली वायर ४ गेजची म्हणून घेतली होती, १,४०० रुपये. ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, आणि जाडी सगळी प्लास्टिकची. अर्थिंग पण मी सीटच्या बोल्टला दिलं होतं, रंगावरच.

इलेक्ट्रिकलच्या दुकानातून १० स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर ६ मीटर आणली, क्रिंप करायचे लग्ज, नवा होल्डर, ३० अँपिअरचा फ्यूज, सगळं मिळून १,३५०. अर्थिंगसाठी डिकीत बॉडीचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, बोल्ट लावला, वरून ग्रीस, नाहीतर गंज धरेल. आता अँपवर १३.७. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी यायची ती पण गेली, ती अर्थिंगचीच होती.

२७ जुलै, रविवार

दुसरा बॉक्स, दोन रविवार गेले. १९ मिमीचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का बघून घेतला, अर्धा शीट १,९५०. यावेळी भोक स्वतः कापलं नाही, प्लाय कुर्टीच्या एका मेस्तांकडे (सुतारांकडे) नेला, कापणी आणि सबचं गोल भोक मिळून ८०० घेतले आणि एकेक कोपरा काटकोनात. मी कागदावर बाहेरची मापं लिहून नेली होती, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भितरलें माप कितें?" मी आतलं माप तेच ठेवलं, ५०.४ बाय ३०.४ बाय २१.४, बाहेरचं आपोआप ५४.२ बाय ३४.२ बाय २५.२ झालं.

वॉटरप्रूफ फेविकॉल, स्क्रू, आतून सगळ्या सांध्यांना सीलंट. मधोमध पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत एक आडवी पट्टी दिली, कारण जुन्या बॉक्सवर हात ठेवला की मोठी फळी थरथरताना कळायची. पट्टीने अर्धा लिटर घेतला, क्यूटीसी अजून ०.७३ च. आत बाहेर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात, कडांना तीन. पावसात वाळायला पॅकेटवर लिहिलंय त्याच्या तिप्पट वेळ लागतो, घाई करून दुसरा हात लवकर मारला तर चिकट राहतो, माझा एक दिवस त्यात गेला. सबसाठी टी-नट (फळीत ठोकायचे धातूचे नट) बसवले, आता कितीही वेळा काढा. आत उशीत भरतात ते पॉलिस्टरचं फायबर, सैल, पाव किलोच्या आसपास. त्याने सबला बॉक्स थोडा मोठा भासतो. ठासून भरू नका आणि सबच्या मागच्या हवेच्या भोकाला लागू देऊ नका.

उदबत्ती परीक्षा पास. कोन दाबला की संथ परत येतो.

१० ऑगस्ट, रविवार

बॉक्स उत्तम झाला, तरी घुमट अजून पातळ. खालचा आवाज आहे, छाती भरते, पण थाप अंगाला लागत नाही. आठवडाभर मला वाटत होतं की बॉक्सच चुकला.

आज काकांचं घुमट घरी आणलं, तोंड उघडं ठेवून वाजवलं आणि मोबाइलच्या टोनशी जुळवत गेलो. त्याचा खर्ज ९० ते १०० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी सापडला. म्हणजे मी तीन महिने ३५ आणि ४१ च्या मागे होतो आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते वाद्य तिथे वाजतच नाही. ते वाजतं बरोबर त्या जागी जिथे सब संपतो आणि दारातले स्पीकर सुरू होतात. तिथे दोघं एकमेकांच्या विरुद्ध ढकलत असतील तर आवाज खड्ड्यात जातो.

सबच्या वायरी उलट्या केल्या, प्लस मायनस अदलाबदल. ९० चा टोन लावून ड्रायव्हर सीटवर बसलो, मुलगा मागे वायरी बदलत होता. उलटं केल्याबरोबर टोन स्पष्ट मोठा झाला. फुकटचं काम, अर्ध्या मिनिटाचं, आणि आजपर्यंतच्या सगळ्या बदलांपेक्षा जास्त फरक. प्रत्येक गाडीत उलटंच बरोबर असेल असं नाही, सब कुठे ठेवलाय त्यावर आहे, दोन्ही करून बघा आणि मोठा येईल तो ठेवा. लो पास (सबला किती हर्ट्झपर्यंतचाच आवाज द्यायचा तो फिल्टर) ८० वरून ९५ ला आणला. दाराच्या पत्र्यातली मोठी भोकं ब्यूटाइल (चिकट रबरी) शीटने बंद केली, ८५० रुपये, आधी स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा त्या भोकांतून एकमेकींना मारत होती. अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) मात्र कमी केला.

मग आरती लावली. घुमटाची थाप, तळहाताने दाबलेला खर्ज आणि सोडलेला खर्ज, दोन्ही वेगळे ऐकू आले. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, हे आजोबांचं घुमट ना?" तो काकांना आजोबाच म्हणतो. मी गाडी बंद न करता तिथेच बसून राहिलो.

खाली जाणारा आवाज पण कमी वाटत नाही. बंद बॉक्सचा आवाज खाली हळूहळू उतरतो, ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होताना) १२ डेसिबलने, आणि बंद गाडीची लहान जागा तोच खालचा भाग उचलून धरते. घरात ठेवून ऐकला तेव्हा हाच बॉक्स खाली कोरडा वाटला होता. बॉक्सचा निकाल गाडीत बसूनच लावा, काचा वर करून.

१७ ऑगस्ट, रविवार

खर्च लिहितो. सब ४,५००, अँप ३,०००, कन्व्हर्टर ६००, पहिलं वायर किट १,४००, एमडीएफ १,१५०, पाइप स्क्रू टर्मिनल वगैरे ७००, पहिलं कार्पेट ५००, प्लाय १,९५०, मेस्तांची मजुरी ८००, तांब्याची वायर आणि सामान १,३५०, टी-नट सीलंट पीयू ९००, पट्टे २५०, ब्यूटाइल ८५०. एकूण १७,९५०. यातले ३,०५० सरळ वाया, किट, एमडीएफ आणि कार्पेट. रविवार धरले तर नऊ आणि मधल्या किती रात्री ते मोजले नाहीत. पहिल्यापासून बंद बॉक्स, मरीन प्लाय आणि तांब्याची वायर घेतली असती तर १५,००० च्या आत आणि चार रविवारांत झालं असतं.

दुसऱ्या बॉक्सला कार्पेट लावलेलं नाही, नुसता पीयू. ओलं कार्पेट लाकडाला चिकटून राहतं ते मला आता नको.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चवथ. सकाळी काकांना घेऊन फोंड्याच्या माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची मांडणी) बाजारात जायचं होतं आणि डिकी पूर्ण रिकामी पाहिजे होती. दोन बकल, चार टर्मिनल, बॉक्स उचलून पडवीत. येताना डिकीत नारळांचा घड, सुपारीचा घोस, तोरिंगण, कांगलं आणि मागच्या सीटवर काकांच्या मांडीत घुमट. बॉक्स नव्हता म्हणून स्टिरिओ लावलाच नाही, काका म्हार्दोळपर्यंत वाजवत आले.

बॉक्स परवा परत बसवतो. उद्याच्या आरत्यांसाठी रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.